संशोधक वर्गात येणार असतील तर शिक्षकाने आधी काय ठरवून घ्यावं?

तुमचा प्रश्न असा: विद्यापीठातल्या संशोधकांना तुमच्या तिसरीच्या वर्गात हातच्याच्या वजाबाकीवर काम करायचंय, त्यात तुम्ही काय करायचं, की नुसते पेपर गोळा करून द्यायचे?

नुसते पेपर द्यायचे असतील तर ती हमाली झाली. मी म्हणेन, पहिली बैठक गणितं निवडायलाच घ्या. समजा त्यांनी ४२ − १७ आणलं. एक मूल वर-खाली न बघता मोठ्यातून लहान काढतं: ७ मधून २ गेले ५, ४ मधून १ गेला ३. उत्तर ३५. दुसरं मूल दशक सुटा करून १२ मधून ७ काढतं, पण दशकातल्या ४ चे ३ करायला विसरतं. त्याचंही ३५! चुका दोन, शिकवायचं वेगवेगळं, आकडा मात्र एकच. एककांत ५ चा फरक असला की हे हमखास होतं. ४३ − १७ द्या. पहिल्याचे ३४ येतील, दुसऱ्याचे ३६.

गणितं छापून किंवा फळ्यावर लिहून द्या, तोंडी नको. 'बेचाळीस' म्हणताना दोन आधी ऐकू येतो, त्यामुळे काही मुलं २४ लिहितात. हे मराठी वर्गात शिकवणाऱ्यालाच आधी सुचतं, इंग्रजीतून तयार होऊन आलेल्या चाचणीत ते नसतं. पाच गणितं, दहा मिनिटं पुरे. खोडरबर दप्तरात, चुकलं तर एक आडवी रेघ मारायची, कारण खोडलेल्या आकड्यातच खरी माहिती असते. त्याच दिवशी चार-पाच मुलांना "कसं केलंस, सांग बरं" असं विचारायचं. दुसऱ्या दिवशी ती विसरलेली असतात.

मुख्याध्यापकांची आणि पालकांची परवानगी लेखी हवीच. पेपरवर नावाऐवजी क्रमांक, आणि कोणता क्रमांक कुणाचा ती यादी शाळेतच राहू द्या. गुण वरिष्ठांकडे जाणार नाहीत हेही लिहून घ्या, नाहीतर संशोधन हीच शाळेची तपासणी होऊन बसते आणि शिक्षक नकळत चाचणीपुरतंच शिकवू लागतात.

अर्ध्या वर्गाला नवी पद्धत, अर्ध्याला जुनी, असं ठरलं तर उरलेल्यांना ती कधी शिकवणार याची तारीख आधीच घ्या. सहामाहीचा आठवडा टाळा.

सगळ्यात जास्त बिनसतं ते निकालावरून. प्रबंध वर्षाने येतो, तोवर मुलं चौथीत गेलेली. म्हणून चुकांनुसार वेगळे केलेले पेपर आठ दिवसांत परत मागा. ते आल्याशिवाय दुसऱ्या चाचणीला तास देऊ नका.