एकटीने जर्मनीतली जुनी गावं: पॅसेंजर गाडी आणि एका शिल्पकाराचा माग

तुम्ही विचारलंय: वय 54, जर्मन येत नाही, इंग्रजी कामापुरतं, मे महिन्यात नऊ-दहा दिवस हाताशी आहेत. एकटीने, रेल्वेने, जर्मनीतली जुनी गावं बघणं जमेल का आणि कोणती गावं घ्यावीत?

जमेल. मी 61व्या वर्षी केलं. साताऱ्याला 29 वर्षं शाळेत इतिहास शिकवला, निवृत्त झाले आणि मुलीकडे एर्लांगेनला राहायला गेले. ती सकाळी कामावर निघाली की मी स्टेशनची वाट धरायची. त्यामुळे मी सांगतेय ते फ्रँकोनियाबद्दल, म्हणजे बव्हेरिया राज्याच्या उत्तरेकडच्या भागाबद्दल. ल्युबेक, क्वेडलिनबुर्ग, गोर्लिट्झ ही गावंही सुंदर आहेत, पण ती इथून बरीच लांब आहेत. नऊ दिवसांत सगळा देश उभा-आडवा पालथा घालायला गेलात तर गाडीची खिडकी आणि हॉटेलची खोली यापलीकडे फारसं काही लक्षात राहणार नाही.

मुक्काम न्युरेम्बर्गला करा. स्टेशनातून बाहेर पडलं की समोरच जुन्या शहराचा तट आणि बुरूज. इथून बाम्बेर्ग, वुर्झबुर्ग, रोटेनबुर्ग, रेगेन्सबुर्ग ही चारही गावं साध्या गाडीने जाऊन संध्याकाळी परत येण्यासारखी आहेत. रोज बॅग भरायची कटकट नाही. एकटीने फिरताना हे फार महत्त्वाचं, कारण जिन्यावरून बॅग चढवायला दुसरा हात नसतो.

आता माझं खरं सांगणं. गावांची यादी करू नका, एक माणूस निवडा आणि त्याचा माग काढत फिरा. चौथ्या दिवसापर्यंत सगळे चौक, सगळी लाकडी पट्ट्यांची घरं, सगळी चर्चं एकसारखी दिसायला लागतात, आणि आपण एकट्या असलो की ‘बघ गं, हे कालच्यापेक्षा वेगळं आहे’ असं म्हणायलाही कुणी नसतं. एक धागा हातात असला की प्रत्येक गावात काहीतरी शोधायचं असतं. मी धरला तो टिलमन रीमनश्नायडरचा. 1483 साली हा वुर्झबुर्गला आला, लाकूड आणि दगड कोरायचा, मोठी कार्यशाळा चालवायचा, पुढे त्या शहराचा महापौरही झाला. 1525 साली शेतकऱ्यांचं बंड झालं तेव्हा शहराच्या कौन्सिलने तिथे राज्य करणाऱ्या बिशपच्या विरोधात शेतकऱ्यांची बाजू घेतली आणि हा त्या कौन्सिलात होता. बंड मोडलं. याला कैदेत टाकून त्याचा छळ केला. त्याचे हात मोडले असं लोक सांगतात, त्याला पुरावा नाही. पण त्यानंतर त्याच्या हातून मोठं काम झालं नाही. 1531 साली तो गेला. वर्गात मी जर्मन शेतकऱ्यांचं बंड चार ओळींत उरकत असे. त्या बंडात सापडलेल्या माणसाचं काम एका हाताच्या अंतरावरून बघितल्यावर त्या चार ओळींची मला फार खंत वाटली.

सुरुवात बाम्बेर्गपासून करा. दुसऱ्या महायुद्धात हे गाव बऱ्यापैकी वाचलं आणि 1993 पासून ते युनेस्कोच्या यादीत आहे. नदीच्या मधोमध उभी असलेली जुनी नगरपालिका सगळेच बघतात, तुम्हीही बघा, मग टेकडी चढून कॅथेड्रलमध्ये जा. सम्राट दुसरा हाइन्रिख आणि राणी कुनिगुंडे यांची समाधी तिथे आहे. रीमनश्नायडर त्यावर 1499 ते 1513 अशी चौदा वर्षं काम करत होता. वरचे दोन निजलेले पुतळे बघून लोक पुढे सरकतात. तुम्ही खाली वाका, समाधीच्या बाजूंवर कथा कोरल्या आहेत. एका बाजूला कुनिगुंडे तापलेल्या नांगराच्या फाळांवरून अनवाणी चालते आहे, कारण तिच्या चारित्र्यावर संशय घेतला गेला होता. मी तिथे किती वेळ उभी होते सांगता येणार नाही. आपल्याला ही गोष्ट कुणी समजावून सांगावी लागत नाही. दुसऱ्या एका चित्रात सम्राट आजारी पडून झोपला आहे आणि संत बेनेडिक्ट त्याच्या पोटातला खडा काढून त्याच्या हातात ठेवतोय. पांघरुणाच्या चुण्या, उशीत रुतलेलं डोकं, सगळं दगडात. तिसऱ्यात राणी चर्चच्या बांधकामावरच्या मजुरांना एका वाडग्यातून मजुरी देते आहे, ज्याने त्याने आपल्या कष्टाची तेवढीच घ्यायची. मजुरांचे चेहरे राणीपेक्षा जिवंत आहेत असं माझं मत आहे.

वुर्झबुर्गला त्याचे आदम आणि ईव्ह चौकातल्या मारियनकापेल या चर्चच्या दाराशी उभे आहेत. दारावरच्या आता प्रतिकृती आहेत, मूळ मूर्ती संग्रहालयात नेल्यात. हे शहर 16 मार्च 1945 च्या रात्री वीसेक मिनिटांच्या बॉम्बहल्ल्यात जवळजवळ संपलं. सुमारे 5,000 माणसं गेली. तुम्ही जे जुनं म्हणून बघाल त्यातलं पुष्कळसं पुन्हा उभारलेलं आहे, हे मनात ठेवून बघा, म्हणजे बांधणाऱ्यांच्या चिकाटीची किंमत कळते. राजवाड्याच्या जिन्यावरची दगडी कमान मात्र त्या रात्री टिकली, आणि तिच्यावर 1752-53 मध्ये इटालियन चित्रकार तिएपोलोने रंगवलेलं छतही. जिना चढताना मान वर करून बायकांच्या रूपातले चार खंड बघायचे. आशिया हत्तीवर बसलेली आहे.

आणि रोटेनबुर्ग. तिथे जाताना गाडी आन्सबाखला बदलावी लागते, मग श्टाइनाखला. तिथून छोटी दोन-तीन डब्यांची गाडी पंधरा मिनिटांत पोहोचवते. या एका गावात रात्र काढा. दिवसा इतकी गर्दी असते की रस्त्यात उभं राहता येत नाही. संध्याकाळी पर्यटकांच्या बसेस गेल्या की गाव पुन्हा गावासारखं होतं. मी साडेसात वाजता तटावर चढले. मे महिन्यात तेव्हाही लख्ख उजेड असतो. डोक्यावर कौलारू छप्पर, एका बाजूला दगडी भिंत, दुसऱ्या बाजूला लाकडी कठडा, खाली लोकांच्या परसातली टोमॅटोची रोपं आणि वाळत घातलेली धुणी. भिंतीत ठरावीक अंतरावर दगडी पाट्या आहेत, त्यांवर नावं आणि किती मीटर ते. आधी मला त्या स्मारकाच्या वाटल्या. 31 मार्च 1945 ला गावाच्या पूर्वेकडच्या भागावर बॉम्ब पडले, जवळजवळ 40 टक्के जुनं गाव गेलं, तटही कोसळला. तो पुन्हा बांधायला जगभरातून लोकांनी मीटरच्या हिशेबाने पैसे पाठवले, त्यांची ती नावं. कितीतरी जपानी आहेत. मी बोट फिरवत फिरवत एका बुरुजापासून दुसऱ्या बुरुजापर्यंत वाचत गेले. आपल्याकडे गडाच्या तटाचे दगड ढासळत जाताना आपण बघतो, म्हणून असेल, पण त्या पाट्यांपाशी माझा आवंढा अडकला.

उरलेलं गाव वाचलं तेही एका आईमुळे म्हणायला हवं. अमेरिकेच्या युद्धखात्यातले जॉन मॅक्लॉय यांनी आपल्या आईकडून या गावाबद्दल ऐकलं होतं. तोफांचा मारा न करता गाव ताब्यात घ्यावं म्हणून त्यांनी शब्द टाकला.

सकाळी सेंट याकोब चर्च उघडताच आत जा आणि पश्चिमेकडच्या जिन्याने वर चढा. तिथे रीमनश्नायडरचा लाकडी देव्हारा आहे, रंग न दिलेला. शेवटच्या भोजनाचा प्रसंग. मधोमध येशू नाही, त्याला दगा देणारा जुडास आहे, हातात पैशाची पिशवी घेऊन. मागच्या खिडक्यांमधून उजेड येतो आणि तो सरकतो तसे चेहरे बदलतात. मी तिथल्या बाकावर तासभर बसले होते. एकटीने प्रवास करण्याचं सुख काय ते मला त्या तासाने कळलं: ‘चला आता’ म्हणणारं कुणी नव्हतं.

न्युरेम्बर्गमध्ये रेल्वेचं संग्रहालय चुकवू नका. जर्मनीतली पहिली वाफेची गाडी 7 डिसेंबर 1835 ला न्युरेम्बर्गहून शेजारच्या फ्युर्थला धावली, सहा किलोमीटर. इंजिन ‘आडलर’ म्हणजे गरुड, ते आलं इंग्लंडमधल्या स्टीफन्सनच्या कारखान्यातून, ड्रायव्हरही इंग्रज. कोळसा इतका महाग पडायचा की बऱ्याच फेऱ्या घोडेच ओढत. आपली बोरीबंदर-ठाणे गाडी त्यानंतर सतरा वर्षांनी, 16 एप्रिल 1853 ला. आडलरची प्रतिकृती आणि त्या मार्गावरचा एक अस्सल जुना डबा तिथे आहे. त्याच इमारतीत नाझी काळात याच रेल्वेने माणसं मृत्यूच्या छावण्यांकडे कशी नेली तेही न लपवता मांडलंय. तो भाग बघून मगच बाहेर पडा.

आता गाडीचं. साध्या प्रादेशिक गाड्यांनीच फिरा. यांना आरक्षण लागत नाही, एक चुकली तर पुढची पकडायची. लांब पल्ल्याच्या जलद गाड्यांच्या वक्तशीरपणाबद्दल आपल्याकडे जे बोललं जातं ते आता विसरा. 2024 मध्ये त्यातल्या 62-63 टक्केच वेळेवर होत्या. रोज फिरणार असाल तर महिन्याचं ‘डॉइचलांडटिकेट’ घ्या. 2023 मध्ये 49 युरोला सुरू झालं, 2026 पासून 63 युरो. देशभरातल्या प्रादेशिक गाड्या, बस, ट्राम, मेट्रो सगळ्यांत चालतं. मात्र ते दरमहा आपोआप पुढे चालू राहतं, म्हणून त्याच महिन्याच्या 10 तारखेच्या आत रद्द करायला विसरू नका. दोन-तीनच दिवस फिरायचं असेल तर एका दिवसाचं ‘बायर्न-टिकेट’ पुरे. ते सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊनंतरच चालतं आणि त्यावर स्वतःचं नाव लिहावं लागतं.

स्टेशनवर पिवळा कागद म्हणजे सुटणाऱ्या गाड्या. ‘ग्लाइस’ म्हणजे फलाट. आणि एक गोष्ट मी चुकून शिकले ती तुम्ही आधीच शिकून जा: काही गाड्या मधल्या स्टेशनावर दोन भागांत तुटतात आणि दोन भाग दोन दिशांना जातात. सूचना फक्त जर्मनमध्ये झाली, मी खिडकीबाहेर बघत बसलेली. समोरच्या बाईंनी माझ्या फोनवरचं तिकीट बघितलं, माझा दंड धरला आणि मला फलाटावरून पुढच्या डब्यापर्यंत जवळजवळ पळवत नेलं. तेव्हापासून चढण्याआधी डब्याच्या बाजूवरची पाटी वाचायची सवय लागली. गावाचं नाव त्या डब्यावर दिसत नसेल तर त्यात बसायचं नाही.

सुरक्षिततेचं विचारलं नाहीत, पण मनात असणारच. मोठ्या स्टेशनांवर ‘बानहोफ्समिसिओन’ नावाची खोली असते. 1894 साली बर्लिनमध्ये हे काम सुरू झालं, खेड्यांतून शहरात कामाला येणाऱ्या एकट्या मुलींना कुणी फसवू नये म्हणून. आज कुणीही जाऊ शकतं. बसायला खुर्ची, पाणी, गाडी बदलायला मदत, सगळं मोफत. न्युरेम्बर्गलाही आहे. मला गरज पडली नाही, पण ती खोली कुठे आहे हे मी पहिल्याच दिवशी बघून ठेवलं होतं, आणि त्याने फार धीर आला.

जेवायला एकटीने जायचा संकोच वाटेल. तिथल्या जुन्या खानावळींत मोठ्या टेबलांवर अनोळखी माणसं शेजारी-शेजारी बसतात; ‘इस्ट हिअर नोख फ्राय?’ म्हणजे ‘ही जागा रिकामी आहे का?’ एवढं विचारायचं. फक्त ‘श्टामटिश’ अशी पाटी असलेल्या टेबलावर बसू नका, ते रोजच्या गिऱ्हाइकांचं. रविवारी दुकानं बंद असतात, मे महिन्यात गुरुवारची-सोमवारची धार्मिक सुट्टीही येते, तेव्हा फळं आणि ब्रेड आदल्या दिवशी घेऊन ठेवा.

आणि तुम्ही शाकाहारी असाल तर मे महिना बरोबर निवडलात. ‘श्पार्गेल’चा म्हणजे पांढऱ्या शतावरीचा हंगाम 24 जूनपर्यंत असतो. न्युरेम्बर्ग, फ्युर्थ आणि एर्लांगेनच्या मधला सगळा पट्टा भाजीपाल्याचा आहे. बोटाएवढ्या जाड, उकडलेल्या दांड्या, शेजारी नवे बटाटे, वरून वितळलेलं लोणी. हॅमशिवाय हवं असेल तर ऑर्डर देतानाच ‘ओने शिंकन’ म्हणा.