तुटलेली वायर घेऊन या

प्रश्न : माझ्याकडे वडिलांची २००३ ची स्प्लेंडर आहे. कळवा ते महापे रोजचं जाणं-येणं. गेल्या दिवाळीच्या सुमारास क्लच वायर तुटली, ती बदलून घेतली. आता ऐन पावसात विटाव्याच्या पुलाखाली पुन्हा तुटली. दोन्ही वेळा वर, लिव्हरपाशीच. क्लच बरेच दिवस जड लागत होता. नाक्यावरचा मेकॅनिक म्हणतो, क्लचप्लेट बदला, नाहीतर वायरी तुटतच राहणार. एवढा खर्च करावा का? आणि वायर घरी बदलता येते का?
– एक वाचक, कळवा

उत्तर : प्लेटांचं आत्ता राहू द्या. ‘दोन्ही वेळा लिव्हरपाशीच’ हे लिहिलंत ते फार बरं केलंत. चरईत आमच्या स्पेअर पार्टच्या दुकानात कोणी ‘क्लच वायर द्या’ म्हणत आलं, की मी आधी विचारते, जुनी कुठाय? बहुतेकांनी ती गॅरेजमध्येच टाकून दिलेली असते. मग मी नवी देते, पैसे घेते, आणि हा गृहस्थ काही महिन्यांनी पुन्हा येणार हे ओळखून असते. धंद्याला बरं आहे, पण मनाला पटत नाही.

वायर कुठे तुटली यावरून बरंच कळतं. खाली इंजिनच्या आर्मपाशी (वायर ज्याला ओढते तो छोटा दांडा) तुटली तर तिथे चिखल बसलाय किंवा आर्म अडकतोय. मध्येच तुटली तर तारेवरचं कव्हर कशाने तरी चेपलंय, बहुधा हँडल वळताना कुठेतरी सापडतंय. आणि वर लिव्हरपाशी तुटली तर संशय निप्पलवर.

तारेच्या टोकाला जो गोल तुकडा असतो आणि लिव्हरच्या भोकात बसतो, ते निप्पल. आपण क्लच ओढतो तेव्हा लिव्हर फिरतो. त्या वेळी निप्पलने भोकात जागच्या जागी फिरायचं, म्हणजे तार सरळ खेचली जाते. पण भोकात गंज धरला, धूळ आणि जुनं ग्रीस मिळून घट्ट थर बसला, की निप्पल फिरत नाही. लिव्हर त्याला आपल्याबरोबर फिरवतो आणि तार त्याच्या तोंडाशी वाकते. बांधकामावर बाइंडिंगची तार पुढे-मागे वाकवून तोडतात, तसाच हा प्रकार. कळव्याहून महाप्याला जाताना विटाव्याच्या कोंडीतच ती किती वेळा वाकत असेल, मोजू नका.

जुनी वायर जपून ठेवली असेल तर तुटलेलं टोक उजेडात धरून बघा. तार एकसंध नसते, बारीक पदरांचा पीळ असतो. काही पदरांची टोकं काळपट, गंजकी दिसतील, काहींची चकचकीत. काळपट आधीच तुटलेली, चकचकीत शेवटच्या दिवशी. म्हणजे पुलाखाली वायर ‘अचानक’ तुटली नाही, ती बरेच दिवस तुटत होती. पदर सुटले की ते कव्हरच्या तोंडाशी घासतात, लिव्हर सोडला की पटकन मागे येत नाही. हे जाणवलं तेव्हाच वायर बदलायची.

आता जड क्लचचं. नवी वायर घालण्याआधी, सगळं सुटं असतानाच तपासून घ्या. वायर न जोडता लिव्हर बोटाने हलवा, तो सैलसर फिरला पाहिजे. वर-खाली डगमगत असेल तर तो ज्या बोल्टवर फिरतो त्याचं भोक झिजून लांबुळकं झालंय, तारेला धार लागते ती त्यानेच. मग जुन्या वायरची आतली तार हाताने मागे-पुढे सरकवा. कुरकुर लागली तर जडपणा तिथे. शेवटी इंजिनच्या उजव्या कव्हरवरचा आर्म हाताने ढकला, मोकळी चाल संपल्यावर स्प्रिंगचा दाब लागेल तो नेहमीचाच. तो अडकत-अडकत फिरला तरच इंजिनाच्या बाजूचं काम काढायचं. झिजलेल्या प्लेटांनी क्लच सहसा जड होत नाही, घसरतो. कळवा पुलाच्या चढावर ॲक्सिलरेटर दिला की इंजिन नुसतं ओरडतं आणि गाडी त्या मानाने पळत नाही, तसं काही होतंय का? तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही. म्हणून पैसे खिशातच ठेवा, फार तर नवा लिव्हर घ्या.

लिव्हर घेताना नवं निप्पल दुकानातच भोकात घालून फिरवून बघा. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे. लोकल लिव्हरमध्ये ओतकामाची धार राहिलेली असते, मग नव्या लिव्हरवरही तीच रड. धार असेल तर बारीक पॉलिश पेपर गुंडाळून आतून फिरवायचा.

वायर घेताना गाडीचं साल सांगा. स्प्लेंडर, पॅशन, सुपर स्प्लेंडर, सगळ्यांना एकच चालते असं सांगणारे भेटतील. सुपर स्प्लेंडरचं इंजिन १२५ सीसीचं, त्याचा तुमच्या गाडीशी संबंध नाही. जुनी आणि नवी शेजारी-शेजारी धरा. कव्हरची लांबी आणि बाहेर राहणारी उघडी तार, दोन्ही जुळलं पाहिजे. पाकिटावर ‘हिरो होंडा’ नसेल म्हणून बिचकू नका. २०१० च्या डिसेंबरात दोघांनी वेगळं व्हायचं ठरवलं, आता नुसतं ‘हिरो’ असतं.

घरी बदलता येते का? खुशाल. बिल्डिंगखाली, पाऊस उघडला की. वर लिव्हरपाशी वायरीची ढील कमी-जास्त करणारा स्क्रू असतो, तो ॲडजस्टर. त्याची चकती सैल करा, ॲडजस्टर पूर्ण आत घ्या. ॲडजस्टरला, चकतीला आणि लिव्हरच्या बैठकीला एकेक खाच असते. तिन्ही एका रेषेत आणल्या की तार बाजूने निसटते, ओढाताण करावी लागत नाही. खाली नट सैल करून तार आर्ममधून काढा.

सगळे सांगतात, जुनी काढण्याआधी नवी तिच्या शेजारून तशीच ओवून घ्या. एरवी मीही तेच सांगते. तुमच्या बाबतीत मात्र आधी जुनीची वाट तपासा, कारण दिवाळीत ती कोणी कशी ओवली आपल्याला ठाऊक नाही. वायर डाव्या हँडलवरून निघून मोठ्या, सैल वळणाने स्टिअरिंगच्या पुढून उजवीकडे उतरली पाहिजे, क्लिपांमधून. कुठे काटकोनात वळली, हेडलाइटमागे चेपली किंवा सायलेन्सरच्या पाइपाला टेकली तर ती वाट चुकीची.

निप्पलला आणि त्याच्या भोकात बोटभर ग्रीस लावा, बोल्टलाही. आधी वरचं टोक बसवा, मग खालचं. मोठी ढील खालच्या नटांवर काढायची, वरचा ॲडजस्टर बारीक फरकासाठी ठेवायचा. लिव्हरच्या टोकाशी १० ते २० मिलिमीटर मोकळी चाल हवी, त्यानंतर वजन लागलं पाहिजे. मोकळी चाल अजिबात ठेवली नाही तर क्लच पूर्ण बसत नाही, घसरत राहतो, आणि मग खरोखरच प्लेटा जळतात. फार ठेवली तर क्लच पूर्ण सुटत नाही, गिअर करकरतो.

हँडल डावीकडे पूर्ण, मग उजवीकडे पूर्ण वळवा. मोकळी चाल बदलली तर वायर कुठेतरी ताणतेय. शेवटी वरच्या तिन्ही खाचा एकमेकींपासून फिरवून ठेवा आणि ॲडजस्टरची खाच खालच्या बाजूला येऊ द्या. वर राहिली तर ठाण्याचा पाऊस सरळ कव्हरात. रबराची टोपी मूळची आली असेल तर ‘नंतर लावतो’ म्हणू नका. नवी वायर थोडी बसते, म्हणून काही दिवसांनी मोकळी चाल पुन्हा बघा.

प्रश्न : वायर रस्त्यातच तुटली तर गाडी चालवत घरी नेता येते का?
– एक वाचक, घणसोली

उत्तर : येते, पण ठाणे-बेलापूर रस्त्यावर गर्दीच्या वेळी नको. तिथे न्यूट्रल करून कडेला ढकलत न्या. आतल्या रिकाम्या, सपाट रस्त्यावर न्यूट्रलमध्ये इंजिन चालू करा, बसल्या-बसल्या पायाने गाडीला वेग द्या आणि पहिला गिअर टाका. धक्का बसेल. पुढचे गिअर ॲक्सिलरेटर क्षणभर सोडून टाकता येतात. थांबायचं असेल तर सिग्नलच्या आधीच, गाडी चालत असताना न्यूट्रलमध्ये या. लांब जाणारे लोक दुसरी वायर चालू वायरीला टेपने बांधून ठेवतात, दोन्ही टोकं टेपने झाकून. जुनी गाडी असेल तर रोजच्या वापरातही हे करायला हरकत नाही.

प्रश्न : वायरीत तेल घालावं की ग्रीस?
– एक वाचक, कोपरी

उत्तर : आत तेल, ग्रीस फक्त टोकांना. आतलं ग्रीस धूळ धरतं. गंज सोडवायचा स्प्रे साफसफाईला ठीक आहे, वंगण म्हणून तो टिकत नाही. दुधाच्या रिकाम्या पिशवीचा कोपरा किंचित कापा, वायरीचं वरचं टोक कव्हरासकट त्यातून आत घ्या, रबरबँडने घट्ट आवळा. दोन-तीन चमचे इंजिन ऑइल ओतून वायर खिळ्याला उभी टांगा आणि तार अधूनमधून वर-खाली करा. खालून आधी काळं पाणी येईल, मग स्वच्छ तेल. रात्रभर टांगणार असाल तर खाली जुना पेपर घाला. तेलाचा डाग फरशीवरून सहजी जात नाही.