वाचकांचे प्रश्न : वारशाने आलेली जुनी दुनळी

प्रश्न : आजोबांची दुनळी बंदूक वडिलांच्या पश्चात माझ्याकडे आली आहे. नळ्यांवर लहरींसारखी नक्षी आहे, घोडे बाहेरून दिसतात आणि नळ्यांमधल्या पट्टीवर एक इंग्रजी नाव कोरलेले आहे. ती विकायचे आम्हां भावंडांनी ठरवले आहे. त्याआधी पॉलिश करून घ्यावी काय? तिची खरी किंमत कशी कळेल?

उत्तर : पॉलिश मुळीच करून घेऊ नका. जुन्या बंदुकीचे मोल तिच्या मूळ रूपात असते. नळ्यांचा तपकिरी रंग, लोखंडी सांगाड्यावरची निळसर झाक आणि कोरीवकामाची धार एकदा घासली गेली की परत येत नाही, आणि जाणकार ग्राहक आधी तेच पाहतो. स्क्रूच्या डोक्यांवरील खाचाही तो निरखतो. उत्तम कारागिराच्या बंदुकीत त्या नळीच्या दिशेने नीट जुळवलेल्या असतात. त्या चेपलेल्या दिसल्या की कुणीतरी अननुभवी हाताने बंदूक खोलली होती, हे त्याला लगेच कळते.

मात्र किमतीच्या आधी कायद्याचे पाहा. वारसाहक्काने मालकी मिळाली, तरी बहुतेक देशांत बंदूक बाळगण्याचा अधिकार आपोआप मिळत नाही, कारण परवाना व्यक्तीच्या नावे असतो. परवाना देणाऱ्या कार्यालयाला लेखी कळवा, बंदूक तोवर कुठे ठेवायची हे विचारून घ्या आणि सांगितल्याशिवाय ती कुठेही नेऊ नका. नळ्या रिकाम्या आहेत याची खात्री जाणकाराकडूनच करून घ्यावी. जुनी असल्यामुळे तिला परवाना लागत नाही, असे गृहीत धरू नका. ही सूट कुठे निर्मितीच्या वर्षावर, तर कुठे तिला लागणारे काडतूस कालबाह्य झाले आहे की नाही यावर ठरते, आणि अशा दुनळ्यांत बहुधा लागणारे १२ बोअरचे (बोअर म्हणजे नळीच्या व्यासाचे माप) काडतूस तर आजही सर्रास वापरात आहे.

ओळख पटवण्यासाठी पट्टीवरच्या नावावर विसंबू नका. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बेल्जियममध्ये बनलेल्या असंख्य स्वस्त बंदुकांवर नामांकित इंग्रज कारागिरांच्या नावांशी मिळतीजुळती नावे कोरली जात. खरी माहिती नळ्यांच्या खालच्या अंगाला, म्हणजे त्या सांगाड्यात बसतात त्या भागावर, ठोकलेल्या चाचणीच्या ठशांत असते. लंडन, बर्मिंगहॅम आणि बेल्जियममधील लीएज येथील चाचणीगृहांत नेहमीपेक्षा जास्त दारूचा बार काढून नळी तपासली जाई आणि ती टिकली तरच ठसा उमटवला जाई. लीएजच्या ठशात अंडाकृती चौकटीत ‘ईएलजी’ ही अक्षरे असतात, तर बर्मिंगहॅमच्या १९०४ पूर्वीच्या ठशात मुकुटाखाली फुलीसारखे दोन राजदंड दिसतात. शेजारी नळीच्या व्यासाचा आकडाही असतो. आज मोजलेला व्यास त्याहून बराच जास्त भरला, तर गंज काढताना नळी आतून घासून पातळ केलेली असण्याची शक्यता मोठी, आणि तशा बंदुकीची किंमत फार उतरते.

आपण वर्णिलेली लहरींची नक्षी बहुधा दमास्कस नळीची आहे. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, सळईभोवती गुंडाळून, तापवून ठोकत या नळ्या घडवल्या जात. त्यांमागचे कसब थक्क करणारे आहे आणि संग्राहक त्यासाठीच त्या घेतात. पण स्वस्त नळीवर तशी नुसती वरवरची नक्षीही उमटवली जाई, म्हणून तज्ज्ञाची नजर हवीच. अशा बऱ्याच नळ्या केवळ काळ्या दारूसाठी, म्हणजे जुन्या काळच्या कमी दाबाच्या बंदुकीच्या दारूसाठी, तपासलेल्या असल्याने आजचे काडतूस घालून ती ‘चालते का’ हे पाहण्याचा मोह कोणीही करू नये; नळी फुटून हात जाऊ शकतो.

नाव अस्सल ठरले, तर अनुक्रमांक जपून टिपून घ्या. १८१४ साली सुरू झालेल्या लंडनच्या पर्डी या बंदूक बनवणाऱ्या कंपनीसारख्या काही जुन्या कंपन्यांच्या नोंदवह्या टिकून आहेत आणि त्यांतून बंदूक कधी व कोणासाठी घडवली हे कळू शकते. मूळ पेटी, पावती, आजोबांचा जुना परवाना यांपैकी जे सापडेल ते बंदुकीसोबतच ठेवा, कारण त्याने भाव वाढतो. बंदूक सामान्य प्रतीची निघाली, तर परवानाधारक विक्रेत्याला देणे सोपे पडेल. ती नामांकित कारागिराची असेल, तर जुन्या शस्त्रांचा स्वतंत्र विभाग असलेल्या लिलावगृहाकडून लेखी मूल्यांकन घ्या आणि दलालीचा दर आधीच विचारा. भावंडांची संमती लेखी असू द्या. ग्राहकाचा परवाना प्रत्यक्ष पाहून हस्तांतराची नोंद कार्यालयात झाल्याशिवाय बंदूक ग्राहकाच्या हाती देऊ नका.