आयसीडीचे शॉक थांबवायला रेडिएशनचा उपयोग होतो का?

तुम्ही निपाणीहून विचारलंय की, वडिलांना जुन्या हार्ट अटॅकनंतर आयसीडी (ठोका धोकादायक वेगात गेला की आतून शॉक देऊन तो ताळ्यावर आणणारं यंत्र) बसवलंय, एकदा कॅथेटर ॲब्लेशनही (रक्तवाहिनीतून बारीक नळी नेऊन बिघडलेला भाग जाळणं) झालंय, तरी शॉक बसतात. चिरफाड न करता रेडिएशननं हे थांबेल का?

मी बेळगावात रेडिओथेरपी टेक्नॉलॉजिस्ट आहे. रोजचं काम कॅन्सरच्या पेशंटचं, पण या उपचाराचं मशीनही तेच, लिनॅक, म्हणजे बाहेरून किरण देणारं यंत्र.

उपचार खरा आहे. अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या फिलिप कुकुलिच आणि क्लिफर्ड रॉबिन्सन यांच्या टीमनं 2017 मध्ये 5 पेशंटचे निकाल छापले. आधीच्या तीन महिन्यांत त्या पाचजणांना मिळून व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डियाचे, म्हणजे हृदयाचे खालचे कप्पे अचानक फार वेगानं धडधडण्याचे, 6,577 झटके आले होते. उपचारानंतरचे पहिले सहा आठवडे वगळले, तर पुढे फक्त 4. आकडा वाचून कुणालाही आशा वाटेल. पण त्याच पाचांतल्या एका वयस्कर पेशंटचा तीन आठवड्यांत स्ट्रोकनं मृत्यू झाला, हेही त्याच लेखात आहे. 2019 मध्ये 19 जणांचा अभ्यास आला. त्यातही बहुतेकांचे झटके खूप कमी झाले.

कॅन्सरला आम्ही साधारण रोज 2 ग्रे (ग्रे म्हणजे किरणांच्या डोसचं माप) असं कित्येक आठवडे देतो. इथं 25 ग्रे एकाच बैठकीत. त्यामुळे सगळी मेहनत मशीन सुरू होण्याआधीची असते. झटका जुन्या हार्ट अटॅकनं हृदयावर राहिलेल्या व्रणाच्या कुठल्या भागातून उठतो ते ईसीजी आणि स्कॅनवरून शोधायचं. मग पेशंटला व्हॅक्यूमच्या गादीत झोपवायचं. हवा काढली की ती पाठीच्या, खांद्यांच्या आकारात कडक होते आणि अंग हलत नाही. श्वासाबरोबर आणि ठोक्याबरोबर हृदय किती सरकतं ते सीटीवर मोजायचं, आयसीडीला किती डोस पोचेल ते तपासायचं आणि आधी-नंतर ते यंत्र चेक करून घ्यायचं. प्रत्यक्ष किरण देणं पंधरा-वीस मिनिटांत आटोपतं, भूल लागत नाही.

म्हणून "सुई नाही, टाका नाही" म्हणजे धोका नाही, असं धरून चालू नका. फुफ्फुसाला किंवा हृदयाच्या आवरणाला सूज येऊ शकते. व्रण हृदयाच्या खालच्या बाजूला असेल तर जठर अगदी लगत येतं. एका पेशंटला दोन वर्षं उलटल्यावर जठर आणि हृदयाच्या आवरणामध्ये छिद्र पडल्याची नोंद आहे. आजही हा उपचार मुख्यतः औषधं आणि ॲब्लेशन दोन्ही हरल्यावरच विचारात घेतात.

तुमच्या वडिलांचं ॲब्लेशन एकदाच झालंय. माझ्या मते आधी दुसऱ्या ॲब्लेशनबद्दल विचारा; पहिल्यानं भागलं नाही म्हणून वाट बंद होत नाही. त्यासाठी अँजिओप्लास्टी करणारे नव्हे, इलेक्ट्रोफिजिओलॉजिस्ट, म्हणजे ठोक्यांच्या बिघाडाचे हृदयतज्ज्ञ, गाठा. जवळपास नसतील तर पुणे किंवा बेंगळूर. त्यांनी "आता पर्याय नाही" म्हटलं, तरच रेडिएशनचा विषय काढा आणि तिथं हे हृदयासाठी आधी किती जणांना दिलंय, हे स्पष्ट विचारा.

जाताना आयसीडीच्या तपासणीचे प्रिंट, पहिल्या ॲब्लेशनचा रिपोर्ट, इको आणि औषधांची यादी न्या. गोळ्या स्वतःहून बंद करू नका. आणि लागोपाठ दोन-तीन शॉक बसले, किंवा एका शॉकनंतरही घाम, चक्कर, छातीत दुखणं राहिलं, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट इमर्जन्सीत न्या, मध्यरात्र असली तरी.