लर्निंग सेंटरमधील ट्यूटरना प्रशिक्षण देणाऱ्याने स्वतःची तयारी कशी करावी?

तुमचा प्रश्न असा आहे की, अमेरिकेतील एका कम्युनिटी कॉलेजच्या (दोन वर्षांच्या महाविद्यालयाच्या) लर्निंग सेंटरमध्ये, म्हणजे जिथे विद्यार्थीच ट्यूटर होऊन इतर विद्यार्थ्यांना टेबलापाशी बसून शिकवतात अशा केंद्रात, ट्यूटरच्या प्रशिक्षणाची जबाबदारी नुकतीच तुमच्याकडे आली आहे, आजवर तुम्ही केवळ गणित शिकवले आहे, तर या कामासाठी स्वतः काय शिकावे आणि कोणते प्रमाणपत्र आधी घ्यावे. मी अशाच एका केंद्रात अकरा वर्षे हे काम करते आहे, त्या अनुभवावरून लिहिते.

प्रमाणपत्रांबाबत एक फरक आधी समजून घ्या. कॉलेज रीडिंग अँड लर्निंग असोसिएशन (सीआरएलए) १९८९ पासून जी मान्यता देते, ती व्यक्तीला नसून केंद्राच्या प्रशिक्षण कार्यक्रमाला असते. पहिल्या पातळीसाठी ट्यूटरने किमान १० तास प्रशिक्षण घेतलेले आणि २५ तास प्रत्यक्ष शिकवलेले असावे लागते. नॅशनल कॉलेज लर्निंग सेंटर असोसिएशनचे नेतृत्व-प्रमाणपत्र मात्र कर्मचाऱ्याला स्वतःला मिळते आणि त्याच्या चार पातळ्या आहेत. माझ्या मते पहिल्या वर्षी सीआरएलएच्या अर्जाचे काम हाती घ्यावे, कारण कोणत्या तासाला काय शिकवले आणि ट्यूटरचे मूल्यमापन कसे केले हे त्यात लिहून द्यावे लागते, आणि लिहायला बसले की आपल्या कार्यक्रमातील उणिवा आपल्यालाच दिसू लागतात.

परंतु प्रशिक्षकाला सर्वांत आधी शिकायचे असते ते पाहायला. आपण बहुतेक जण चांगले शिक्षक म्हणून या कामात येतो, आणि चांगल्या शिक्षकाचा हात आपोआप समजावून सांगण्याकडे वळतो. शिवाय महाराष्ट्रातील महाविद्यालयांत रेमेडियलचे वर्ग बहुधा प्राध्यापकच घेतात, त्यामुळे एका विद्यार्थ्याने दुसऱ्याला शिकवताना जवळून पाहण्याची सवय आपल्यापैकी अनेकांना नसते. मला तरी ती नव्हती. पहिली दोन वर्षे मी ऑगस्टमध्ये व्याख्याने दिली, ट्यूटरनी ती मन लावून ऐकली आणि टेबलावर जाऊन पूर्वीप्रमाणेच शिकवले.

तिसऱ्या वर्षी मी एका टेबलापाशी वही घेऊन बसले आणि प्रत्येक मिनिटाला एकच नोंद केली: पेन्सिल कोणाच्या हातात आहे. विद्यार्थिनीने (क्ष + ३)² = क्ष² + ९ असे लिहिले होते. ट्यूटर अतिशय हुशार मुलगा. त्याने लगेच पेन्सिल घेतली, सूत्र लिहिले, पुढची दोन उदाहरणेही सोडवून दाखवली, आणि ती मान डोलावत राहिली. अर्ध्या तासातली बावीस मिनिटे पेन्सिल त्याच्याकडे होती. नंतर मी त्याला अंदाज विचारला तेव्हा तो प्रामाणिकपणे म्हणाला, ‘निम्मा वेळ असेल.’ मी वही पुढे केली. मग आम्ही दोघांनी बसून पर्याय शोधला: तिला क्षच्या जागी १ घालून दोन्ही बाजू काढायला सांगायचे. एकीकडे १६ येतात, दुसरीकडे १०, आणि चूक तिची तिलाच दिसते. पुढच्या आठवड्यात त्याने तेच केले आणि सांगून झाल्यावर तो गप्प राहिला. त्याला ते गप्प राहणेच सर्वांत जड गेले.

याला संशोधनाचाही आधार आहे. मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात दाखवले की प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एकच सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तरी उत्तरे अधिक लांब व विचारपूर्वक येतात. मिशेलीन ची आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ट्यूटरना समजावून सांगण्यास मनाई करून केवळ पुढे ढकलणारे प्रश्न विचारू दिले, तरी विद्यार्थी तितकेच शिकले. हे दोन निष्कर्ष मी प्रत्येक नव्या ट्यूटरला सांगते, पण टेबलावरची त्याची स्वतःची नोंद समोर ठेवल्यानंतरच; आधी सांगितले तर ते केवळ माहिती म्हणून राहतात.

म्हणून तुमच्या आठवड्यात दोन तास निरीक्षणासाठी राखून ठेवा, आणि दोन तास स्वतः टेबलावर बसून शिकवा, म्हणजे ट्यूटरची अडचण तुम्हाला आतून कळेल. डिआना मार्टिन यांनी १९७३ मध्ये कॅन्सस सिटी येथील मिसुरी विद्यापीठात सुरू केलेल्या सप्लिमेंटल इन्स्ट्रक्शन पद्धतीत (हिच्यात अवघड विषय आधी शिकलेला विद्यार्थी इतरांसाठी गटसत्रे घेतो) सत्रात बसून पाहणे आणि नंतर त्यावर बोलणे हा पर्यवेक्षकाच्या कामाचाच भाग आहे. जवळपास त्याचे प्रशिक्षण मिळाले तर अवश्य घ्या. परिषदांना जाल तेव्हा भाषणांपेक्षा इतर केंद्रांचे निरीक्षणाचे फॉर्म मागून आणा. लोक आनंदाने देतात.

कम्युनिटी कॉलेजमधले ट्यूटर दीड-दोन वर्षांत पुढच्या विद्यापीठात जातात, त्यामुळे नोंदींची वही नीट सांभाळा, नव्या तुकडीला तीच उपयोगी पडते. मात्र बसण्यापूर्वी विद्यार्थी आणि ट्यूटर दोघांची परवानगी घ्या, याचा गुणांशी संबंध नाही हे स्पष्ट सांगा, आणि वहीत विद्यार्थ्याचे नाव लिहू नका. विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या गोपनीयतेविषयीचा १९७४चा संघीय कायदा, फेर्पा, तुमच्या कॉलेजात कसा पाळला जातो हे रजिस्ट्रारच्या कार्यालयात पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या.