देशाचं सुरक्षा धोरण लिहिते कोण?

प्रश्न: नमस्कार जी. आमच्या गावात टपरीवर लय वाद झाला. एक म्हणे देशाचं सुरक्षा धोरण मिलिटरीवाले ठरवते, दुसरा म्हणे आपल्याकडं असं लिहून ठेवलेलंच नाही. पुलगावचा दारूगोळा डेपो आमच्या जवळच, म्हणून पोरं विचारते. खरं काय?
– एक वाचक, वर्धा जिल्हा

उत्तर: भाऊ, दुसरा गडी बऱ्यापैकी बरोबर आहे. असं पूर्ण धोरण भारतानं आजवर छापून लोकांपुढं ठेवलेलं नाही. अमेरिकेत १९८६ च्या कायद्यानं राष्ट्राध्यक्षाले ते काँग्रेसपुढं, म्हणजे तिथल्या संसदेपुढं, मांडावंच लागते, जपाननं पहिलं २०१३ मध्ये काढलं, जर्मनीनं तर पार २०२३ मध्ये, अन् पाकिस्ताननंही २०२२ मध्ये काही भाग उघड केला.

पण छापलं नाही म्हणून काम होत नाही असं नाही. १९९८ मध्ये पोखरणच्या चाचण्या झाल्या, त्याच वर्षी राष्ट्रीय सुरक्षा परिषद उभी राहिली, अध्यक्ष पंतप्रधान. तिच्या सचिवालयात गुप्तचर, सेनादलं, परराष्ट्र, गृह सगळीकडची माहिती येते, धोका कुठून अन् किती हे जुळवतात, आणि मग खरी ओढाताण, कारण नेव्हीले समुद्र मोठा वाटते, आर्मीले चीनची सीमा, गृहवाल्यांले नक्षल, अन् प्रत्येकाले पैसा आधी पाहिजे. शेवटचा शब्द मंत्रिमंडळाच्या सुरक्षा समितीचा. तिथं पंतप्रधान, संरक्षण, गृह, परराष्ट्र यांच्यासोबत अर्थमंत्री पण बसतात, ते काहून हे सांगाले नको. म्हणजे मिलिटरी सल्ला देते, ठरवते निवडून आलेलं सरकार.

माझं म्हणाल तर धोके लिहाले काही लागत नाही, कोणतं काम मागं ठेवायचं ते लिहाले हिंमत लागते, म्हणून असे कागद बहुतेक देशांत गुळमुळीतच निघतात. अन् लिहिलं तरी लगेच होते थोडंच! कारगिलनंतर मंत्रिगटानं २००१ मध्ये तिन्ही दलांसाठी एक सीडीएस, म्हणजे संरक्षण दल प्रमुख, नेमा म्हटलं, पहिले सीडीएस जनरल बिपिन रावत खुर्चीवर बसले २०२० च्या जानेवारीत.

पोरांले हेही सांगा का हा विषय नुसता दारूगोळ्याचा नाही. आपण सोयाबीन पिकवतो तरी देश निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणते, बराचसा माल जहाजानं. तो रस्ता अडला तर काय, हे कृषी खात्यालेही त्या बैठकीत विचारलं पाहिजे.