प्रशिक्षण आखण्याआधी रिजेक्शनचं रजिस्टर उघडा

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात पहिल्यांदाच प्रशिक्षण आखताय, तर विभागांकडून विषयांची यादी मागवू नका. गेल्या तीन महिन्यांत कोणत्या मशीनवर, कोणत्या पाळीत, कशामुळे माल नापास झाला ते आधी रिजेक्शनच्या रजिस्टरात पाहा. गेज (माप तपासायचं साधन) झिजलं असेल किंवा ड्रॉइंगची जुनी प्रत मशीनपाशी लटकत असेल, तर ऑपरेटरला वर्गात बसवून काहीही सुधारणार नाही.

कौशल्यच कमी पडत असेल, तर उद्दिष्ट मोजता येईल असं लिहा. ‘मायक्रोमीटर या मोजमापाच्या उपकरणाची माहिती होणे’ हे उद्दिष्ट नव्हे. ‘१० जॉब (मशीनवर तयार झालेले भाग) मोजून निरीक्षकाच्या मापाशी ०.०१ मिमीच्या आत जुळवणे’ हे उद्दिष्ट. दोन तासांच्या सत्रात निदान दीड तास उपकरण हातात हवं. आणि रात्रपाळी करून आलेल्यांना कृपा करून सकाळी बसवू नका.

मूल्यमापनाला अमेरिकी प्राध्यापक डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये मांडलेले चार स्तर पुरेसे आहेत: प्रतिक्रिया, शिकणं, कामावरचं वर्तन, परिणाम. बहुतेक ठिकाणी काम पहिल्याच स्तरावर थांबतं, कारण फॉर्मवर ‘उत्तम’ लिहून घेणं सोपं असतं. त्यातून शिकणं कळत नाही. तीच १० जॉबची चाचणी सत्राआधी आणि नंतर घ्या. महिन्या-दीड महिन्याने सुपरवायझरने मशीनपाशी उभं राहून पाहावं. त्यासाठी त्याला सुरुवातीपासून सोबत घ्या. रिजेक्शन उतरलं तरी लगेच श्रेय घेऊ नका. कच्चा माल किंवा टूल बदललं असू शकतं, म्हणून प्रशिक्षण न झालेल्या पाळीचे त्याच काळातले आकडे शेजारी मांडा.